गाडीतल्या गाण्यांची मांडामांड

चि. चिमीस,


गाडी सेकंडहँड असली तरी तुझी पहिली आहे, तेव्हा आधी मनापासून अभिनंदन. तू पाठवलेल्या फोटोंत तुझ्या आईने रंग पाहिला, बाबांनी टायर पाहिले आणि मी डॅशबोर्ड. म्युझिक सिस्टीमला यूएसबी आहे, ब्लूटूथ आहे, ऑक्सचं भोकही आहे. म्हणजे कमी काहीच नाही. पण खाली तू विचारलंस, "मामा, सगळी गाणी फोनवर मिळत असताना लोक पेन ड्राईव्ह कशाला लावतात?" याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत दिलं असतं तर तू "हो हो" म्हणून विसरली असतीस. म्हणून हे पत्र.

नवं गाणं शोधायला फोनसारखं साधन नाही, हे मला मान्य आहे. मीही वापरतो. पण जे गाणं तुला वीस वर्षांनीही ऐकायचंय, ते तुझ्या ताब्यात असावं, तू लावलेल्या क्रमाने असावं आणि त्यावर तू लिहिलेलं नाव असावं. ॲपवर 'डाउनलोड' केलेलं गाणं तुझ्या फोनमध्ये असतं, पण तुझं नसतं. वर्गणी थांबली की ते वाजायचं थांबतं. कंपन्यांचा आपसातला करार संपला तर वर्गणी चालू असूनही यादीतून गायब होतं. ताम्हिणीत, वरंधच्या घाटात नाहीतर आंबोलीला नेटवर्क गेलं की गोल चक्र फिरत बसतं, ते तर तू पाहतेसच.

गाडीत काय ऐकायचं हे आजवर बहुतेक वेळा गाडीत काय मावतं यावरच ठरलं. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' नावाचा गाडीतला रेडिओ बाजारात आणला. तेव्हा गाणं ठरवणार रेडिओ केंद्र आणि ऐकणार आपण. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि निवड आपल्या हातात आली, पण एका बाजूला तीस नाहीतर पंचेचाळीस मिनिटांपुरतीच. मग १९८२ची सीडी, चौऱ्याहत्तर मिनिटांची. दोनच वर्षांत ती गाडीतही वाजू लागली. पुढे त्याच आकाराच्या कोऱ्या सीडीवर ७०० एमबी एमपीथ्री भरता येऊ लागले आणि एका चकतीत बारा तासांचं संगीत बसलं. १९९९ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या 'एम्पेग' कंपनीने तर गाडीच्या रेडिओच्या खाचेत बसणारा, हार्ड डिस्क असलेला आणि लिनक्सवर चालणारा प्लेअर काढला. गाणी भरायची तर अख्खा डबा डॅशबोर्डमधून उपसून घरी न्यायचा! आज तेच काम नखाएवढं कार्ड करतं. जागेची अडचण संपली. आता अडचण आहे ती मांडणीची, आणि ती कुठल्याही कंपनीने तुझ्यासाठी सोडवलेली नाही.

आधी हिशोब करू. सीडीवर प्रत्येक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दोन. मिनिटाला साधारण साडेदहा एमबी होतात. एमपीथ्री ३२० केबीपीएसने केली तर मिनिटाला २.४ एमबी, १२८ने केली तर जेमतेम एक. फ्लॅक नावाचा प्रकार आवाजातलं काहीही न टाकता फाईल आवळतो. ती सीडीच्या निम्म्याहून थोडी मोठी होते. बत्तीस जीबीच्या पेन ड्राईव्हवर ३२०च्या हिशोबाने दोनशेवीस तास मावतात. तेवढं ऐकायला तुला पुणे-मुंबई किती वेळा करावं लागेल ते तूच मोज. तेव्हा 'जागा वाचवायला' म्हणून १२८ने गाणी करू नकोस. आणि १२८ची फाईल ३२० करूनही काही मिळत नाही: एकदा टाकून दिलेला आवाज परत येत नाही, फक्त फाईल फुगते.

मग सरळ फ्लॅकच का नको? घरी जपून ठेवण्यासाठी फ्लॅकच हवं. गाडीत मात्र ३२० पुष्कळ झालं, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. एमपीथ्री ज्या तत्त्वावर उभं आहे ते असं, की मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या सुराचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. मग तो फाईलमध्ये ठेवायचा कशाला? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९९५ साली या फायलींना '.एमपीथ्री' हे शेपूट लागलं. आता हायवेवर तुझ्या गाडीत काय होतं बघ. टायर, वारा आणि इंजिन यांची घरघर खालच्या सुरांत असते आणि ती नेमका तोच झाकण्याचा उद्योग करते. तानपुऱ्याचा खर्ज तिच्यात पहिला बुडतो. एमपीथ्रीने जे टाकलं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त तुझा रस्ता खाऊन टाकतो. म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी दारांची रबरं आणि टायरमधली हवा बघ, स्पीकर मग.

या घरघरीचा दुसरा परिणाम जास्त जाचक. जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज हळू असतो, नव्या सिनेमातल्या गाण्याचा दणदणीत. घरघरीतून माणिक वर्मांचं गाणं ऐकायला आवाज वाढवावा आणि पुढच्याच गाण्याने कानठळ्या बसाव्यात, असं होतं. गाडी चालवताना दर गाण्याला बटण फिरवत बसणं बरं नव्हे. फायलींची पातळी आधीच सारखी करून घ्यावी. 'एमपीथ्रीगेन' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम फाईल पुन्हा न आवळता दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी आवाज वर-खाली करतो. त्यात दोन रीती आहेत: प्रत्येक गाणं वेगळं धरायचं किंवा अख्खा अल्बम एक धरायचा. भावगीतं, सिनेमाची गाणी यांना पहिली रीत चालते. ख्यालाच्या मैफलीला दुसरीच हवी. आलापीचा हलकेपणा आणि द्रुताचा जोर हा गवयाने ठरवलेला असतो. तो सपाट करायचा आपल्याला अधिकार नाही.

आता मुख्य गोष्ट, क्रमाची. गीतरामायण घे. गदिमांनी लिहिलेली, बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाली लावलेली छप्पन गाणी. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून सुरू झाली आणि आठवड्याला एक या हिशोबाने वर्षभर चालली. लोक पुढच्या आठवड्याची वाट पाहत, कारण कथा पुढे सरकत होती. एक गाणं सात मिनिटांचं धरलं तरी ३२०ने अख्खं गीतरामायण एका जीबीच्या आत बसतं. बसतं, पण वाजतं कसं? सिस्टीम नावाच्या अक्षरांप्रमाणे रांग लावते आणि वनवासाच्या आधी राज्याभिषेक उरकून टाकते. रामजन्म कुठेतरी युद्धाच्या मध्ये येतो. वाल्मीकींनी, गदिमांनी आणि बाबूजींनी जे एकापुढे एक ठेवलं, ते त्या यंत्राच्या दृष्टीने छप्पन सुट्या फायली असतात.

उपाय सोपा, पण हाताने करायचा. प्रत्येक फाईलच्या नावाआधी आकडा घाल, आणि तो दोन अंकी घाल: ०१, ०२, ०३. नुसता १, २, ३ लिहिलास तर बऱ्याच सिस्टीम १च्या मागोमाग १० ते १९ वाजवतात आणि २ नंतर येतो. हे करूनही क्रम चुकला तर घाबरू नकोस. काही सिस्टीम नाव वाचतच नाहीत. फायली ज्या क्रमाने पेन ड्राईव्हवर उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी पेन ड्राईव्ह रिकामा करून फॉरमॅट कर आणि फोल्डर क्रमाने पुन्हा कॉपी कर. फॉरमॅट करताना 'फॅट३२' निवड. एनटीएफएस, एक्सफॅट हे प्रकार लॅपटॉपला चालतात, पण जुन्या गाड्यांच्या सिस्टीम ते बघून 'नो फाईल' म्हणतात आणि आपल्याला वाटतं पेन ड्राईव्ह बिघडला. तुझा लॅपटॉप ॲपलचा आहे, तर तो प्रत्येक गाण्यामागे टिंबाने सुरू होणारी एक लपलेली फाईल गुपचूप सोडतो. सिस्टीम तीही वाजवायला जाते आणि अडखळते. त्या काढून टाक. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असं करू नकोस. एक पातळी पुरे: गीतरामायण, नाट्यसंगीत, अभंग, सकाळचे राग, रात्रीचे राग, आणि तुझं ते धडधडणारं जे काय असेल ते.

क्रमानंतर नाव. गाण्याच्या फाईलच्या पोटात एक चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. फाईलचं बाहेरचं नाव वेगळं आणि ही चिठ्ठी वेगळी. पडद्यावर बहुतेक वेळा चिठ्ठी दिसते. ही पद्धत १९९६ साली एरिक केम्प यांनी काढली. फाईलच्या अगदी शेवटी १२८ बाइटची जागा: गाण्याला तीस अक्षरं, गायकाला तीस, अल्बमला तीस, आणि संगीतप्रकारासाठी एकच बाइट, ज्यात ऐंशी प्रकारांपैकी एकाचा क्रमांक. त्या ऐंशींत नाट्यसंगीत नाही, अभंग नाही, ख्याल नाही, लावणी नाही. शून्य क्रमांकाला आहे 'ब्लूज'. म्हणून कोणी तो रकाना शून्यावर सोडला असला की भीमसेन जोशींचा अभंग तुझ्या पडद्यावर ब्लूज म्हणून झळकतो. ते वाचून हसू येतं, पण दोष त्या चिठ्ठीचा नाही. ती अमेरिकेतल्या संगीताला डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. पुढची आवृत्ती १९९८ साली आली, तिच्यात हवं ते लिहिता येतं. लिहायला माणूस पाहिजे, इतकंच.

टॅग नसलेली फाईल म्हणजे लग्नात आलेलं बिननावाचं आहेराचं पाकीट. आत ऐवज असतो, पण आभार कोणाचे मानायचे ते कळत नाही. आणि आपल्या संगीतात आभार मानायला माणसं जास्त आहेत. पाश्चात्त्य पॉपला 'आर्टिस्ट' हा एक रकाना पुरतो. आपल्याकडे कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. गीतरामायणाचंच बघ: आकाशवाणीवर ती गाणी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांनी गायली, नंतर बाबूजींनी सगळी स्वतःच्या आवाजात गायली. 'आर्टिस्ट'मध्ये नुसतं सुधीर फडके लिहिलंस तर अर्ध्या लोकांवर अन्याय होतो. म्हणून माझी पद्धत सांगतो. 'आर्टिस्ट'मध्ये प्रत्यक्ष गाणाऱ्याचं नाव, 'कंपोझर'मध्ये संगीतकार, आणि कवीचं नाव शीर्षकात गाण्यानंतर आडवी रेघ देऊन. शास्त्रीय असेल तर शीर्षकात आधी राग, मग ताल, मग बंदिशीचे पहिले शब्द. सिस्टीमला देवनागरी येते का ते आधी एका गाण्यावर तपासून बघ. चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं उमटली तर तुझ्या सिस्टीमकडे ती अक्षरं नाहीत. मग गाडीच्या प्रतीत रोमन लिही आणि घरच्या मूळ प्रतीत देवनागरी ठेव.

हे काम कंटाळवाणं वाटेल. पण करून बघ. एका गाण्याचा संगीतकार कोण हे शोधायला बसशील आणि त्याच माणसाच्या आणखी चार चाली सापडतील ज्या तुला दुसऱ्याच कोणाच्या वाटत होत्या. ॲपची यादी हे तुझ्यासाठी करते, असं तू म्हणशील. ती तुला पुढचं गाणं देते; मागचं गाणं कोणाचं होतं हे लक्षात राहायची सोय करत नाही.

ख्यालाबद्दल एक बारकावा. सीडीवर मैफल एकसंध असली तरी ट्रॅक तोडलेले असतात: विलंबित एक, द्रुत दुसरा. एमपीथ्री ही सव्वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी बनते आणि फाईलच्या सुरुवातीला-शेवटी थोडी शांतता चिकटतेच. त्यामुळे तबला चालू असताना दोन ट्रॅकच्या सांध्यावर एक हिसका बसतो, अन् समेवर बसला तर जीव कळवळतो. तेव्हा जे गाणं मूळचं सलग आहे ते सीडीवरून काढतानाच एका फाईलमध्ये काढ. तीन मिनिटांच्या तबकडीत राग कोंबायची सक्ती जुन्या गवयांवर होती, तुझ्या पेन ड्राईव्हवर नाही.

आता जोडणी. ब्लूटूथने गाणं लावलंस की फोन ते आणखी एकदा आवळून पाठवतो. आवळलेलं पुन्हा आवळलं जातं, तरी रोजच्या ऑफिसच्या वाटेला ते चालतं. फक्त फोनचा आवाज पूर्ण ठेव आणि कमी-जास्त सिस्टीमवरून कर. ऑक्सची वायर आणि चार्जर एकदम लावलेस तर स्पीकरमधून बारीक शिट्टी येईल, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी. ती अल्टरनेटरची, गाडी बिघडली नाही. चार्जर काढला की जाईल. पेन ड्राईव्हमध्ये यातलं काहीच होत नाही, फाईल आहे तशी सिस्टीमकडे जाते. आणि हो, सेकंडहँड गाडी आहे म्हणून सांगतो: सिस्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन आधीच्या मालकाचे जोडलेले फोन आणि नंबरांची यादी पुसून टाक. ती बहुतेक जणांच्या गाडीत तशीच राहते. उद्या तू गाडी विकशील तेव्हाही हे आठवणीने कर.

उन्हाचं सांगतो. तुझं काम नागपूर-चंद्रपूरकडे असतं. तिकडे मेमध्ये सावलीत पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि काचा बंद करून उभ्या गाडीत त्याहून वीसेक अंश जास्त. साध्या पेन ड्राईव्हची मर्यादा साधारण साठ अंशांची. या चिपमध्ये गाणं म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार. उष्णतेने तो हळूहळू निसटतो. तेव्हा गाडीतला पेन ड्राईव्ह ही फक्त वापरायची प्रत समज. मूळ फायली घरी हार्ड डिस्कवर, आणि त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी. माझं घर आहेच. पेन ड्राईव्ह बुटका घे, गुडघा लागून वाकणार नाही असा. रस्त्यावर 'एक हजार जीबी' म्हणून चिल्लर किमतीत मिळणारा घेऊ नकोस. त्यावरचा आकडा खोटा असतो. भरत गेलीस की जुनी गाणी नव्यांखाली गाडली जातात.

मोबाईलच्या दुकानात गाणी भरून मिळणारा पेन ड्राईव्हही नको. ती चोरीची असतात हे एक, आणि गायकाच्या रकान्यात कुठल्यातरी वेबसाइटचं नाव असतं हे दुसरं. मला दुसऱ्याचा राग जास्त येतो. विकत घे, नाहीतर घरातल्या सीडी-कॅसेटी आहेत त्या उतरव. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या खाजगी वापरासाठी मोकळीक आहे; ती प्रत वाटायची किंवा विकायची नाही. तुझ्या आजीच्या कॅसेटी माझ्याकडे आहेत. डेकचं हेड स्पिरिटने पुसून, वायर लॅपटॉपला लावून 'ऑडॅसिटी'त त्या उतरवता येतात. आधी न आवळलेली प्रत करायची, मग तिच्यावरून गाडीची. कॅसेट खऱ्या वेळेतच उतरते, तासाला तास. तेव्हा तो वेळ ऐकण्यात घालवायचा.

शेवटचं, आणि हे मामा म्हणून. गाडी चालू असताना फोन हातात घ्यायचा नाही. कायद्याने तो गुन्हा आहेच. पण क्रम आधी लावलेला असेल तर हात जाण्याचं कारणच उरत नाही. निघायच्या आधी फोल्डर निवड, शफल बंद आहे ना बघ आणि मग गाडी काढ. ही सगळी मांडामांड खरी त्यासाठीच: घरी डोकं वापरलं की रस्त्यावर फक्त कान लागतात.

या सुट्टीत एवढंच कर: गीतरामायणाची छप्पन गाणी क्रमाने लाव, प्रत्येकापुढे गायकाचं नाव लिही आणि यादी मला पाठव. चुका मी लाल पेनने दुरुस्त करीन. मग ताम्हिणीवरून दापोलीला जाऊ. पुढची सीट माझी. आणि मध्येच गाणं बदललंस तर मी माणगावला उतरून एसटीने परत येईन.

कळावे,
तुझा मामा